सरकत्या ओळींची खिडकी

जुन्या दप्तरांतील मोडी कागद पुष्कळदां बंदास बंद चिकटवून लांबच लांब केलेले असत. वाचणारा वरची बाजू गुंडाळी आणि खालची उलगडी. डोळ्यांपुढें असे तो वीतभर मजकूर. परंतु वाचून झालेला भाग भेंडोळ्यांत शाबूत राही. संगणकाच्या टर्मिनलवर ज्या ओळी सरकतांना दिसतात, त्यांचें मूळही एका भेंडोळ्यांतच आहे.

१९६३ सालीं आलेलें 'मॉडेल ३३' टेलिटाइप यंत्र कागदाच्या भेंडोळ्यावर सेकंदास १० अक्षरें छापी. छापलेली ओळ वर जाई, पण नाहींशी होत नसे. पुढें कागदाच्या जागीं कांचेचा पडदा आला. १९७८ सालीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननें काढलेल्या 'व्हीटी १००' टर्मिनलवर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. पंचविसावी ओळ आली कीं पहिली कांठावरून जाई, ती कायमचीच. कागद वांचला, पण मागें वळून पाहण्याची वाचकाची सोय गेली.

ती परत मिळविण्याची युक्ति साधी आहे. सर्व मजकूर प्रोग्रामनें संगणकाच्या स्मृतींत ठेवावा आणि पडद्यावरील चौकट ही त्यावरची खिडकी समजावी. खिडकींतील पहिली ओळ मजकुराची कितवी, एवढा एक आंकडा लक्षांत ठेवला कीं पुरे. आंकडा एकानें वाढविला कीं मजकूर वर सरकल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो जागचा हालत नाहीं, खिडकीच खालीं उतरते. १००० ओळींच्या मजकुरावर २४ ओळींची खिडकी असेल, तर हा आंकडा १ ते ९७७ यांच्या बाहेर जाऊं देतां कामा नये. नाहींतर खिडकी रिकाम्या जागेवर उघडेल.

टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास ३० अक्षरें येत, तेथें १९२० अक्षरांचा सबंध पडदा पुन्हां लिहावयास ६४ सेकंद लागत. म्हणून 'व्हीटी १००' ला पडद्याचा ठराविक भागच सरकविण्याची आज्ञा देतां येई. मथळा व तळची सूचना जागीं राहत, मधला भाग सरके, आणि नवी एकच ओळ पाठवावी लागे.

१९७८ सालींच डॅनियल हाल्बर्ट यांनीं बर्कली येथील विद्यापीठांत 'मोअर', म्हणजे 'आणखी', हा प्रोग्राम लिहिला. तो मजकूर पडद्यापडद्यानें दाखवी, पण पुढेंच नेई. मागेंही जातां यावें म्हणून मार्क नुडेलमन यांनीं १९८३ ते १९८५ या काळांत 'लेस', म्हणजे 'कमी', हा प्रोग्राम रचला. नांव थट्टेचें; पण या 'कमी'नें 'आणखी'पेक्षां अधिक दिलें.

एक शिष्टाचार मात्र उरतो. नव्या ओळी सारख्या येत असतां कोणी चूक शोधण्यासाठीं मागची ओळ वाचीत असतो. त्याच वेळीं प्रोग्रामनें खिडकी तळाशीं ओढली, तर सांपडलेली ओळ निसटते. म्हणून वाचक तळाशीं असेल तेव्हांच खिडकीनें नव्या ओळींमागें जावें. एरव्हीं स्वस्थ राहावें. वाचणाऱ्याच्या हातांतली पोथी ओढूं नये, हें घरांत लहानपणींच शिकवितात. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेंही तें विसरूं नये.