तंजावूरला दोन रात्री राहा



दक्षिणेच्या सहलीचा बेत आखताना आपली मराठी मंडळी तंजावूरला अर्धा दिवस देतात. सकाळी त्रिचीहून निघायचं, बृहदीश्वराचं दर्शन घ्यायचं, नंदीपुढे फोटो काढायचे आणि जेवायला कुंभकोणम गाठायचं. राजवाडा? वेळ उरला तर! मी आज आग्रहानं सांगणार आहे, की हा बेत बदला. तंजावूरला दोन रात्री राहा आणि एक अख्खा दिवस राजवाड्याच्या परिसरात काढा. निवांत सुट्टी म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा आठवतो. पण मराठी माणसाला जिथे स्वस्थ बसून वाचता येईल, पाहता येईल, खाता येईल, अशी जागा परमुलखात इतकी सहज दुसरी सापडायची नाही.

आधी हवामानाचं बोलतो. तिकडचा मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये नाही, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. तेव्हा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे मुळीच नको. देवळात अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी ती फरसबंदी पाऊल टेकू देत नाही. शिवाय दुपारी देऊळ काही तास बंद असतं. म्हणून देऊळ भल्या सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, मधला दिवस राजवाड्यात. दोन्हींत जेमतेम मैलभराचं अंतर आहे.

राजवाडा सोळाव्या शतकात नायक राजांनी बांधायला घेतला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे 1670 च्या दशकात तंजावूरला आले. तेव्हापासून 1855 पर्यंत भोसल्यांची गादी इथे होती आणि त्यांनी या वाड्यात भर घातली. एका नजरेत मावेल अशी ही देखणी इमारत नव्हे. चौकातून चौकात जावं लागतं, कुठे गिलावा उडालेला, कुठे दार बंद. त्यानं हिरमुसू नका. एका भागात भोसले घराण्याचे वंशज आजही राहतात. ते कुणाचं तरी घर आहे, तेव्हा तिकडे डोकावायला जाऊ नका.

सुरुवात कलादालनापासून करा. 1951 साली सुरू झालेल्या या दालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. सगळ्या पाहण्याचा हट्ट धरू नका. एकच नीट पाहा, ती म्हणजे तिरुवेंकाडूहून आलेली वृषवाहन शिवाची मूर्ती. साधारण 1011 सालची. पाय सैलसर दुमडून शिव उभा आहे, जटा फेट्यासारख्या डोक्याभोवती गुंडाळल्या आहेत आणि एक हात नंदीच्या पाठीवर विसावला आहे. नंदी मात्र तिथे नाही. तरी त्या हाताच्या ठेवणीवरून त्याची उंची आणि जवळीक आपल्याला कळते. समोरून पाहून झालं की बाजूला जाऊन तो कोपर आणि खांदा पाहा. हजार वर्षांपूर्वीच्या ओतकाम करणाऱ्यांनी धातूत इतका सैलपणा आणला कसा, हा विचार पाच-दहा मिनिटं तिथेच उभं राहून करावा.

त्याच संग्रहात दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनचं हे काम. डोक्याला उंच टोकदार टोपी आणि हात जोडलेले. तंजावूरचा आजचा लौकिक समजून घ्यायचा तर या राजाशी ओळख हवी. 1799 च्या तहानं राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, सरफोजींच्या हाती किल्ला आणि थोडा परिसर उरला. 1832 पर्यंतच्या त्या काळात त्यांनी आपली सारी शक्ती विद्येवर लावली. वाड्यात देवनागरी छापखाना चालवला आणि 1806 साली इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापून काढलं. म्हणजे पेशवाई अजून बुडायची होती!

त्यांच्या नावाशी जोडलेलं सरस्वती महाल ग्रंथालय शेजारीच आहे. त्याची वेळ आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हजारो पोथ्या इथे आहेत, त्यांत मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या घरात. डोळ्यांच्या रुग्णांची सरफोजींच्या काळातली सचित्र टिपणंही या संग्रहात आहेत. सगळंच मांडून ठेवलेलं नसतं. सामान्य पाहुण्यासाठी संग्रहालयाची छोटी खोली असते आणि लोक ती पाच मिनिटांत संपवतात. तसं करू नका. एकेका कपाटापुढे थांबा, अक्षर लावायचा प्रयत्न करा. निघताना ग्रंथालयानं छापलेली पुस्तकं पाहा. तंजावूरचे शहाजीराजे यांनी मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली, तीही इथेच जपली गेली. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे सरफोजींच्या मुदपाकखान्यातलं पुस्तक मिळालं तर अवश्य घ्या.

उन्हं कलली की पुन्हा बृहदीश्वराकडे वळा. प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर 1803 साली सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. चोळांच्या देवळात आपली भाषा, ओळीमागून ओळ! बहुतेक प्रवासी जवळून निघून जातात, कारण कुणी दाखवत नाही. हात न लावता वाचा. बाळबोध वळणाची अक्षरं तिरप्या उजेडात जास्त उठून दिसतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना ‘शिवाजी’ हे नाव शोधायला सांगा, ती रमून जातील.

जेवणाचं म्हणाल तर दुपारी केळीच्या पानावर बसा आणि भात दोनदा नाही, तीनदा घ्या: सांबारावर, रसमवर, ताकावर. खरेदीची घाई नको. तंजावूर चित्रात खडूच्या लगद्याचा उठाव करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवतात. वर्ख खरा की नुसता सोनेरी कागद, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कारागिराच्या घरी काम पाहायला मिळालं तर दुकानापेक्षा ते चांगलं. मान डोलावणाऱ्या बाहुल्या मुलांसाठी घ्याव्यात, स्वस्त आणि हलक्या.

आणखी एक. तुमचं बोलणं ऐकून एखादे वयस्कर गृहस्थ मराठीत उत्तर देतील. त्यांच्या घरात ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या सोबतीनं वाढली आहे, तिचे हेल आणि शब्द वेगळे आहेत. हसू नका, सुधारायला तर मुळीच जाऊ नका. ‘काका, तुमच्याकडे सणाला काय करतात?’ असं विचारा आणि ऐकत बसा. डांगर, पिठलं, आंबट भाजी अशी नावं निघतील आणि बोलण्यात तासभर सहज जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुवैयारूला जाऊन या, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराजांची समाधी आहे. ऑटोनं अर्धा-पाऊण तास लागतो. पौष वद्य पंचमीच्या आसपास तिथे आराधनेचा उत्सव असतो. त्या दिवसांत जायचं असेल तर तंजावूरमधली खोली महिनाभर आधी ठरवून ठेवा.