खोट्या दाखल्याचा फिर्यादी कोण?

श्रोतेहो, घरांत चोरी झाली म्हणजे घरधनी ओरडतो, शेजारी धांवून येतात, फौजदार पंचनामा करितो. परंतु ज्याचें गेलें त्यालाच गेल्याची वार्ता नसेल, तर फिर्याद कोणीं करावी? खोट्या जातीच्या दाखल्यावर मिळविलेली सरकारी नोकरी ही अशीच मुकी चोरी आहे. तिच्याविषयीं आज थोडा विचार आपणांपुढें मांडावयाचा आहे.

अनुसूचित जाति व जमाति कोणत्या, हें राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या कलमांन्वयें राष्ट्रपतींच्या आदेशानें ठरतें. पहिले आदेश १९५० सालीं निघाले. त्यांतील यादींत फेरफार करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. महाराष्ट्राच्या राज्य सेवांत जमातींसाठीं शेंकडा ७ जागा राखलेल्या आहेत. शंभरांत सात! त्यांतील एक जागा परक्यानें घेतली तर डोंगरकपारींतल्या एखाद्या मुलाचें किती गेलें, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

ही लबाडी दोन प्रकारची असते. एकींत शिक्काही बनावट आणि सहीही बनावट. ती पकडणें सोपें. कचेरीच्या नोंदवहीशीं कागद ताडून पाहिला कीं काम झालें. दुसरी नांवाच्या सारखेपणाचा आसरा घेते. यादींत महादेव कोळी ही जमात आहे. पण कोळी म्हणविणारा प्रत्येक समाज तींत नाहीं. हलबा यादींत आहेत. मात्र त्या नोंदींत हलबा-कोष्टी धरतां येणार नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २००० सालीं दिला. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितलीच पाहिजे. अमान्य झालेल्या प्रत्येक दाव्यामागें कपटच असतें असें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या एखादें नांव लावणाऱ्या माणसाला आपला दावा मनापासून खरा वाटत असतो. म्हणूनच चौकशी हवी, आणि ती निःपक्षपाती हवी.

अशी चौकशी कशी व्हावी, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालच्या एका निवाड्यांत पंधरा सूचना देऊन सांगितलें. पडताळणी समिति असावी, तिच्या हाताशीं दक्षता पथक असावें, पथकानें मूळ गांवीं जाऊन जन्माच्या व शाळेच्या नोंदी पाहाव्या, कुलदैवत, लग्नविधि, अंत्यविधि यांची विचारपूस करावी. पुढें महाराष्ट्रानें याविषयीं स्वतंत्र कायदा केला; तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलांत आहे. त्याअन्वयें दावा सिद्ध करण्याचें ओझें दावा करणाऱ्यावरच आहे, आणि खोटेपणा ठरल्यास मिळालेले लाभ काढून घेण्याची व शिक्षेची तरतूद आहे.

शाळेच्या नोंदीला एवढें मोल कां, हें आम्हां शिक्षकांना ठाऊक असतें. दाखलखारीज रजिस्टर दिसावयास जुनाट बाड. परंतु सहा वर्षांच्या पोराचें नांव घालतांना त्याच्या बापाच्या मनांत पुढील नोकरीचा हिशेब बहुधा नसतो. त्यामुळें ती नोंद निर्व्याज असते. ‘एवढा एक शब्द दुरुस्त करून द्या, गुरुजी,’ अशी गोड गळ घालणारे गृहस्थ मलाही भेटले. त्यांना मीं एवढेंच सांगत असें कीं, रजिस्टर शाळेचें आहे, माझें नव्हे.

आतां फिर्यादीच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. ज्याचें प्रत्यक्ष नुकसान झालें त्यानेंच न्यायालयाचें दार ठोठवावें, हा जुना संकेत. १९७९ ते १९८१ च्या सुमारास न्यायमूर्ति भगवती, न्यायमूर्ति कृष्ण अय्यर आदींनीं तो सैल केला, आणि दुबळ्यांच्या वतीनें इतरांनाही दाद मागतां येऊं लागली. हीच जनहित याचिका. तथापि सेवाविषयक वादांत अशी याचिका चालणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं बजावलें. त्यांत शहाणपण आहे. कारण कचेरींतील हेवेदाव्यांना लोकहिताचा अंगरखा घालणारेही थोडे नाहींत. २०१२ सालीं महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें मधला मार्ग दाखविला. तिऱ्हाईताला सामान्यतः अधिकार नाहीं. परंतु आरोप गंभीर असेल, तर केवळ तेवढ्यासाठीं न्यायालयानें डोळे मिटून घेऊं नयेत.

अशा दाद मागण्याचें फळ महाराष्ट्रानें पाहिलें आहे. दीर्घ नोकरी ही अमान्य दाखल्याची ढाल होऊं शकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून आदिवासींच्या हक्कांसाठीं झटणारी एक संस्था नागपूर खंडपीठापुढें गेली. अखेर २१ डिसेंबर २०१९ रोजीं शासनानें निर्णय काढला कीं, दावे अमान्य झालेल्या कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांच्या अधिसंख्य पदांवर घ्यावें आणि मोकळ्या झालेल्या जागा खऱ्या जमातींच्या उमेदवारांतून भराव्या.

पण श्रोतेहो, न्यायालय जागा रिकामी करूं शकतें. गेलेलें वय परत देऊं शकत नाहीं. ज्याची जागा गेली, तो एव्हांना रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून वयोमर्यादा ओलांडून गेलेला असतो. दुसरीकडे पन्नाशीला आलेल्या कारकुनाचें बिऱ्हाड एका कागदानें उघड्यावर येतें. विलंबानें दोघांचेंही नुकसान होतें. यास्तव पडताळणी नेमणुकीपूर्वीं आणि ठराविक मुदतींत पुरी झाली पाहिजे. समित्यांना पुरेसे अधिकारी दिले, तर निम्म्या याचिका मुळांतच उद्भवणार नाहींत, असें मला वाटतें.

राहिला आपणां सुशिक्षितांचा वांटा. असे दाखले निरक्षर माणूस मिळवीत नाहीं. ते मिळविण्यास कायद्याच्या खाचाखोचा ठाऊक असाव्या लागतात. आपल्या आप्तेष्टांत कोणी ‘सगळेच करितात’ म्हणून अशा वाटेला निघाला, तर त्याला तेथेंच थांबविणें, हें न दिसणाऱ्या त्या फिर्यादीचें वकीलपत्र घेण्यासारखेंच आहे. आणि त्याला कोर्टाचा स्टँपही लागत नाहीं.