परक्या घरी राहून काम करताना

परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, हलक्या घरकामाला हात लावायचा आणि त्या बदल्यात जेवण, स्वतःची खोली, हातखर्च आणि तिथली भाषा शिकायची सोय मिळवायची, या व्यवस्थेला ओ-पेअर म्हणतात. अशी मुलगी घरातली नसते आणि पगारी नोकरही नसते. तिचं वर्ष कसं जाईल हे देशापेक्षा घरावर जास्त अवलंबून असतं.

देवासमध्ये याचा एक जुना, उलट्या दिशेचा दाखला आहे. पवारांच्या देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज तरुण असताना, १९०७ साली, माल्कम डार्लिंग हा आय.सी.एस. अधिकारी त्यांचा शिक्षक म्हणून तिथे राहिला. त्याच्याच ओळखीने त्याचा केंब्रिजचा मित्र, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर, १९१२च्या नाताळात देवासला पाहुणा म्हणून आला. पुढे १९२१ साली महाराजांचे सचिव रजेवर गेले, तेव्हा त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी फॉर्स्टरलाच बोलावण्यात आलं.

घर निवडण्याच्या दृष्टीने पाहिलं तर यात सगळं चोख होतं. मध्यस्थ विश्वासाचा, यजमान प्रेमळ आणि घर आधी पाहिलेलं. तरी दोन गोष्टी राहून गेल्याच. पहिली कामाची. बाग, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेची यंत्रणा असं सगळं सचिवाच्या गळ्यात पडलं, आणि यातलं कादंबरीकाराला काय कळणार? दुसरी गोष्ट काळाची. १९१२ साली पाहिलेलं घर १९२१ साली तसं उरलं नव्हतं. राणीसाहेब, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या, दरम्यानच्या काळात देवास सोडून माहेरी गेल्या होत्या. नवा वाडा अर्धवट होता आणि खर्चाला धरबंध नव्हता. तरीही तो मुक्काम वाया गेला नाही. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीत फॉर्स्टर घरच्या माणसासारखा वावरला. तो उत्सव १९२४च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ कादंबरीत उतरला आणि देवासची पत्रं १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. पण तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा नामवंत लेखक होता. नाही पटलं तर निघून जाणं त्याच्या हातात होतं. धार किंवा देवासहून निघालेल्या विशीतल्या मुलीला ते इतकं सोपं नसतं.

म्हणून नियम आले. युरोप परिषदेने १९६९ साली स्ट्रासबर्गला ओ-पेअरविषयी करार केला. त्यात दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम आणि आठवड्याला किमान एक पूर्ण सुट्टी ठरली. आज जर्मनी भारतीय तरुणांना यासाठी व्हिसा देते. अर्जाच्या वेळी वय अठरा ते सव्वीस हवं आणि जर्मन भाषेचा ए-वन स्तर हवा. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपर्यंतच. हातखर्च महिन्याला २८० युरो. विमा कुटुंबाने काढायचा.

नियमांत कामाचे तास येतात, घराचा स्वभाव येत नाही. तो विचारूनच काढावा लागतो. व्हिडिओ कॉल एकदा करून भागत नाही. आई, वडील आणि मुलं या सगळ्यांशी बोलणं व्हायला हवं. हुकूम कोणाचा चालतो, हे तेव्हाच उमगतं. ‘मदत करायची’ या शब्दावर न थांबता एका साध्या मंगळवारचा क्रम विचारावा: मुलांना कोण उठवतं, डबा कोण भरतं, संध्याकाळी आईवडील किती वाजता परततात. खोलीला दार आहे का, भाषेचा वर्ग किती लांब, शाकाहारी मुलीने जेवायचं काय, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. खटके मात्र यांवरूनच उडतात. आधीच्या ओ-पेअरशी बोलू द्यायला कुटुंब टाळाटाळ करत असेल, तर ते घर सोडून द्यावं. देवासचा अनुभव इथेही लागू पडतो: दोन वर्षांपूर्वीच्या मुलीची शिफारस असेल, तर त्यानंतर घरात काय बदललं तेही विचारावं.

व्हिसासाठी किंवा वकिलासाठी आगाऊ पैसे मागणारं ‘कुटुंब’ बहुतेक वेळा अस्तित्वातच नसतं.

परतीची सोयही आधीच ठरवावी. इंग्रज कुटुंबांनी मुलं सांभाळायला बोटीने लंडनला नेलेल्या भारतीय आयांपैकी काहींना तिथे पोचल्यावर परतीच्या तिकिटाविना सोडून दिलं गेलं. त्यांच्यासाठी हॅकनी भागात १९०० सालापासून आयांचं वसतिगृह चालत होतं. आज करारात तिकीट कोणाचं, नोटीस किती दिवसांची हे लिहिलेलं असावं. जर्मनीत बहुधा चौदा दिवसांची नोटीस असते. कुटुंब बदलायचं झालं तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाला कळवून परवान्यात बदल करून घ्यावा लागतो. पासपोर्ट मात्र मुलीने स्वतःजवळच ठेवावा. यजमानांनी सांभाळायला मागितला तरी देऊ नये.