कालचा आकडा, आजची पंगत
(तिकोणा पेठ येथील शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



तिकोण्याच्या पायथ्याशी आषाढात पावसाचा जोर वाढला की ओढे भरतात आणि वाड्यावस्त्यांवरील मुलांची उपस्थिती घटते. उघडीप पडताच वर्ग पुन्हा भरतात. समजा, पेठेतील व वाडीवरील अशा दोन शाळांचे भोजन पेठेत एकाच चुलीवर शिजते. वाडीवरील गुरुजी आपली हजेरी गूगल शीट्सच्या कोष्टकात लिहितात आणि पेठेतील कोष्टकात ती ‘इम्पोर्टरेंज’ या सूत्राने येते. वाडीवर काल 40 मुले होती, आज 60 आली. पहिली ते पाचवीच्या मुलास प्रतिदिनी 100 ग्रॅम धान्य या प्रमाणाने 6 किलो तांदूळ हवा. पेठेत कालचे 40 च दिसत राहिले, तर 4 किलोच शिजेल आणि पंक्तीत शेवटी बसणाऱ्या मुलांना भात कमी पडेल.

असे होते याचे कारण हे सूत्र, कोष्टक उघडे असताना, तासातून एकदाच मूळ हजेरी तपासते. चूल तेवढा वेळ थांबू शकत नाही. यावर उपाय म्हणजे स्क्रिप्ट, अर्थात यंत्रास दिलेली लेखी आज्ञावली. ‘एक्स्टेन्शन्स’ या यादीतील ‘ॲप्स स्क्रिप्ट’ उघडून ती लिहावी व ‘ट्रिगर’ लावून दर 10 मिनिटांनी चालवावी. सूत्रावर न विसंबता तिने मूळ कोष्टक वाचून आकडा आणावा. आपले कोष्टक मिटलेले असले तरी ती चालते.

परंतु आकडा आणल्याची वेळ आणि मुले मोजल्याची वेळ एक नव्हे. गुरुजींनी आज हजेरी लिहिलीच नसेल, तर स्क्रिप्ट कालचेच 40 पुनःपुन्हा आणून ठेवील. म्हणून मूळ आकड्याशेजारी हजेरीचा दिनांक असावा. स्क्रिप्टने तो आजच्या दिनांकाशी ताडून पाहावा व न जुळल्यास आकड्याच्या जागी ‘आजची हजेरी आलेली नाही’ असे लिहावे. ते वाचून आपण वाडीवर दूरध्वनी करू. जुना आकडा पाहून कोणी चौकशी करीत नाही.

ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच खात्याच्या अधिकाराने चालतो. बदलीनंतर त्या खात्याचा प्रवेश काढला गेला की काम थांबते. यास्तव कार्यभार घेताना नव्या शिक्षकाने तो आपल्या खात्यातून पुन्हा लावून घ्यावा.

उद्यापासून हजेरी घेताच ती दिनांकासह लिहावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.