सक्तीची लष्करी सेवा: जर्मनीचं संविधान काय सांगतं?

जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा १ जुलै २०११ पासून थांबली. पण ती केवळ स्थगित झाली. १९५६ सालचा मूळ कायदा रद्द झालेला नाही. मग सरकार ती पुन्हा आणू शकतं का? एकट्या सरकारला ते जमणार नाही, संसदेला जमेल. संविधानाचं कलम १२अ १८ वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषांना सेवेत बोलावण्याची मुभा देतं. शांततेच्या काळात त्यासाठी संसदेत साध्या बहुमताने कायदा करावा लागतो. दोन तृतीयांश बहुमताने संरक्षणाची आणीबाणी जाहीर झाली, तर मात्र जुन्या तरतुदी आपोआप लागू होतात. स्त्रियांवर शस्त्र धरण्याची सक्ती करायची तर घटनादुरुस्तीच हवी.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम ४. मनाला पटत नसेल, तर कुणालाही शस्त्र हाती घ्यायला लावता येत नाही. सक्ती लागू असताना असा नकार देणारे लाखो तरुण त्याऐवजी नागरी सेवेत गेले. वृद्धाश्रमात कुणी म्हाताऱ्यांना घास भरवले, कुणी रुग्णांची चाकाची खुर्ची ढकलली. ही पर्यायी सेवा लष्करी सेवेपेक्षा लांबवता येणार नाही, हेही संविधानातच लिहून ठेवलंय; नाहीतर नकार ही शिक्षाच ठरली असती.

२०२६ पासून १८ वर्षांच्या मुलामुलींना प्रश्नावली जाते: सेवेची तयारी आहे का, शिक्षण किती, प्रकृती कशी? मुलांनी ती भरलीच पाहिजे, मुलींना ऐच्छिक आहे. भरती मात्र अजून स्वेच्छेचीच आहे.