नोकरी, वशिला आणि काही रुजलेले गैरसमज



घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की हितचिंतकांची रीघ लागते आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणाची ओळख आहे का?" अभ्यास किती झाला, जाहिरात केव्हा निघणार, याची चौकशी नंतर, कित्येकदा होतही नाही. वशिल्यावाचून सरकारी नोकरी लागतच नाही, ही समजूत इतकी खोलवर रुजली आहे की तिच्यापायी शेतजमिनी विकल्या गेल्या आणि घरातील दागिने गहाण पडले.

या समजुतीवर जगणारा दलाल नेमके काय करतो? एकाच भरतीसाठी तो दहा जणांकडून पैसे घेतो. निवड त्याच्या हाती बहुधा नसतेच. दहांपैकी एक-दोघे स्वतःच्या गुणांवर निवडले जातात. त्यांचे पैसे तो खिशात घालतो आणि 'काम करून दिले' म्हणून गावभर मिरवतो. जे फार तगादा लावतात, त्यांना थोडेफार परत करून सज्जन ठरतो. बाकीच्यांना 'पुढच्या भरतीत पाहू'! निवड झालेल्या उमेदवारालाही मग जन्मभर वाटत राहते की आपली नोकरी पैशाची. स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास असा गमवावा लागतो, तो कोणी हिशेबात धरत नाही.

भरतीत गैरप्रकार घडतच नाहीत, असे मुळीच नव्हे. महाराष्ट्रातील शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढविल्याचे प्रकरण 2021 मध्ये उघडकीस आले. परंतु त्याचा शेवट काय झाला? 2022 मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले. पैसाही गेला आणि पात्रताही. दिलेले पैसे करार म्हणून वसूल करावेत, तर तीही सोय नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 23 व्या कलमात बेकायदा कराराची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतील एक नेमके हेच आहे : सरकारी नोकरी मिळवून देण्याच्या बदल्यात हजार रुपये देण्याचे वचन. म्हणजे हा धंदा दीडशे वर्षांपूर्वीही कायदा लिहिणाऱ्यांच्या परिचयाचा होता!

'गुण कितीही मिळवा, मुलाखतीत पाडतात' हे दुसरे पालुपद. केंद्र सरकारने 'क' गटातील आणि 'ब' गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंदच केल्या. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत मुलाखत आहे. पण तिला 275 गुण आणि लेखी परीक्षेला 1750. शिवाय ही मुलाखत मराठीतूनही देता येते. इंग्रजीची प्रश्नपत्रिका केवळ उत्तीर्ण होण्यापुरती असते, तिचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. इंग्रजीच्या धास्तीने अर्जच न भरणारी मुले आजही खेडोपाडी आढळतात, हे दुर्दैव होय.

सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले की बोलावणे येईल, या आशेवर एक अख्खी पिढी बसून राहिली. 1959 च्या कायद्याने रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले होते. त्या कार्यालयामार्फतच माणूस नेमावा, असे नव्हे.

याच्या उलट टोकाचा गैरसमज अधिक घातक आहे : चिकाटी असली की यश ठरलेलेच. 2023 च्या नागरी सेवा परीक्षेसाठी 10,16,850 अर्ज आले. त्यांपैकी सुमारे सव्वाचार लाख उमेदवार पूर्वपरीक्षेला फिरकलेच नाहीत. म्हणजे अर्जांच्या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही. पण अखेरीस शिफारस झाली ती 1,016 जणांची. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला बसलेला तरुण घरी दूरध्वनीवर 'यंदा नक्की' म्हणतो, आणि वडील खानावळीचे पैसे पाठवतात. दुसरी कोणती परीक्षा, कोणते कौशल्य तो सोबत हाताळतो आहे, हा प्रश्न वडील विचारीत नाहीत. मुलाला वाईट वाटेल, एवढेच त्याचे कारण असते.