परसातले वांगे आणि राखेतले बी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. परंतु परसबागेवर कोणीतरी बोलावे असे ठरले, आणि जिच्या कुंड्या येता-जाता सर्वांना दिसतात ती मीच सापडले. तेव्हा मी जे केले आणि जे बिघडवले, तेवढेच सांगते.

परसबागेवरची पुस्तके बहुधा पुण्या-मुंबईकडची हवा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, पाऊस जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने मार्चमध्ये टोमॅटो लावले. फुले भरपूर आली आणि सगळीच्या सगळी गळून पडली. इतक्या उन्हात टोमॅटोला फळ धरत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते! खानदेशातल्या बागेचे वर्ष मृगापासून धरावे. जूनमध्ये वांगी-मिरचीचे रोप टाकावे, गिलकी-दोडके कुंपणावर चढवावेत. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर. उन्हाळ्यात नवीन काही मांडू नये, आहे ते जगवावे.

जगवायचे कसे? आपली काळी माती कुंडीत नुसती भरली तर ओली असताना चिखल आणि सुकली की भेगा. तिच्यात निम्मे कुजलेले खत व थोडी वाळू मिसळावी. मातीच्या अंगावर पालापाचोळ्याचे चार बोटे जाड पांघरूण घालावे. आणि पाणी झिरपणारा जुना माठ वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा, वर झाकण. पाणी हळूहळू मुळांपाशी जाते, उन्हाने उडत नाही. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी बागेला चालते. साबणाचे मात्र पालेभाजीला घालू नये. गच्ची असेल तर दुपारपुरती हिरवी जाळी बांधावी. वांग्याचा शेंडा माना टाकू लागला की आत अळी आहे असे समजावे आणि शेंडा बोटभर खालून कापून नष्ट करावा. तो खताच्या खड्ड्यात टाकू नका. मी टाकला होता.

आता खरे सांगायचे ते. भरताचे वांगे ही आपल्या जिल्ह्याची ओळख. हिरवट पांढरे, मोठे, आणि बी कमी. 'जळगाव भरीत वांगी' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या घरी त्याचे बी सासूबाईंकडे असे. राखेत घोळवून एका पत्र्याच्या डबीत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात. एका दिवाळीला घर आवरताना मी ती डबी उघडली, राख पाहिली आणि कचऱ्यात टाकली. सासूबाईंना कळले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "माझ्या आईचं बी होतं ते," एवढेच म्हणाल्या. त्या हिवाळ्यात आमच्याकडे भरीत झाले नाही. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

मी बाजारातून पाकीट आणले. वांगी छान आली. मग त्यांचेच बी धरले, तर दुसऱ्या वर्षी एक झाड एकासारखे नाही! पाकिटावर 'संकरित' लिहिलेले होते. त्या बियाण्याची पुढची पिढी मूळ झाडासारखी निघत नाही, दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी देशी बियाणे जपले. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम वाचले तेव्हा मला ती डबी आठवली आणि मान खाली गेली.

पुढे योग असा, की सासूबाईंनी कधीकाळी त्यातलेच थोडे बी शेजारच्या काकूंना दिले होते. काकूंनी ते दरसाल लावले होते. त्यांच्याकडून मी दहा बिया आणल्या. सात उगवल्या. पहिले वांगे सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "हे खायचं नाही, पिकू दे."

तर बी धरण्याची रीत. चांगल्या झाडाचे एक सुरेख फळ झाडावरच पिवळे पडेपर्यंत ठेवावे. मधमाशी शेजारच्या वांग्याचा पराग आणते, म्हणून ते फूल उमलण्यापूर्वीच मलमलीच्या पिशवीत बांधावे आणि फळ धरले की पिशवी काढावी. पिकल्यावर गर पाण्यात कुस्करावा. तळाशी बसेल ते बी घ्यावे, तरंगेल ते टाकावे. सावलीत वाळवून कोरड्या राखेत ठेवावे आणि डबीवर नाव व साल लिहावे. माझ्यासारखी सून घरात असू शकते!

दाराजवळच्या टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत पाच बिया. जाताना एकेक घ्या. फळ पिकले की त्यातले थोडे बी मंडळाच्या डब्यात परत आणून घाला. डबा कपाटात खालच्या खणात राहील आणि किल्ली काकूंकडे.